मेंढीची पकड

मेंढीला पकडायचं ते मागून. तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. चहूकडचं तिला एकदम दिसतं, फक्त थेट पाठीमागची चिंचोळी पट्टी तेवढी सुटते. तिथून जायचं, हनुवटी उचलायची, तिला ढुंगणावर बसवायचं. पाय अधांतरी झाले की ती पोत्यासारखी ढिली पडते. लोकर कातरणाऱ्याच्या उजव्या हाताला वीस वर्षांत एवढी एकच विद्या आली होती, आणि तिच्यावरच त्याचं घर चालत होतं.

त्या दिवशी भर दुपारी मेंढवाड्याच्या तुळईवर कोंबडीएवढं घुबड येऊन बसलं. ते फिस्कारलं की खाली मेंढ्या एकमेकींच्या अंगावर चढायच्या. एकीचा पाय काडकन मोडला.

"असू दे. अंधार पडला की जाईल आपणहून," थोरली बहीण म्हणाली. मेंढ्या तिच्या.

"तोवर काय माशा मारू, ताई? दोन्ही डोळे पुढे आहेत त्याचे. मागून गेलो तर पत्ताही लागणार नाही."

"मेंढरू आहे का ते, शहाण्या?"

तो शिडी चढला. हात पोचणार तोच घुबडाने धड न हलवता मान गर्रकन मागे फिरवली आणि थेट त्याच्याकडे पाहिलं. उजवा हात मात्र सवयीने पुढे गेलाच. त्याने मान धरली, हनुवटी उचलली. एवढ्यावर मेंढी हार मानते. घुबडाचे पाय मोकळे झाले आणि आठही नख्या त्याच्या मनगटात हाडापर्यंत रुतल्या.

किंचाळत तो शिडीवरून कोसळला. पाय मुडपला की मेंढी नमते, म्हणून त्याने डाव्या हाताने घुबडाचे पाय मुडपले. नख्या आणखी आवळल्या. घुबडाचा पाय दुमडला की आतल्या शिरा ताणल्या जाऊन मूठ आपोआप मिटते. मग त्याने हातासकट ते खांबावर आपटलं. एकदा, दोनदा, कवटी फुटेपर्यंत. घुबड मेलं. पकड सुटली नाही.

"मेलं तरी सोडत नाहीये गं!"

"दुमडतोस काय, गाढवा! सरळ कर!" बहिणीने गुडघा त्याच्या छातीवर रोवला आणि एकेक पाय ओढून ताठ केला. नख्या उघडल्या. रक्ताची चिळकांडी तिच्या तोंडावर उडाली.

तिने ओढणी करकचून बांधली. "बोटं हलव बघू."

चार हलली.

"अंगठा?"

"हलवतोय की," तो म्हणाला.

बहिणीने त्याचा हात उजेडाकडे वळवला.

"हलवतोय, ताई," तो पुन्हा म्हणाला. अंगठा जागचा हलला नव्हता.