भिंतीवरचं खेचर

सगळ्या गावानं सोकोरोचं पुस्तक डोक्यावर घेतलं आणि ज्या बाईला ते अर्पण केलं होतं, तीच रुसून बसली. घ्या, याला म्हणतात नशीब.

गाव टेक्सासच्या अगदी खालच्या टोकाला, नदी ओलांडली की मेक्सिको. एप्रिल आला की इथली निम्मी घरं खिडक्यांना फळ्या ठोकून ट्रकात बसायची आणि उत्तरेकडं निघायची. बीट विरळायचं, चेरी तोडायच्या, टोमॅटो भरायचे, आणि नोव्हेंबरात परत यायचं. म्हणून आमच्याकडं जुनी माणसं साल सांगत नाहीत, पीक सांगतात. सोकोरोचा धाकटा भाऊ बिटात झाला, आजोबा टोमॅटोत गेले. अशा घरातली ही मुलगी शिकून मास्तरीण झाली आणि पन्नाशीला टेकल्यावर तिनं हे सगळं लिहून काढलं. पहिल्याच पानावर छापलं: ‘मद्रीना पेत्राला, जिच्यामुळे मी शाळेत बसले.’

मद्रीना म्हणजे बाप्तिस्म्याला मांडीवर घेणारी, धर्माची आई. पण पेत्रानं नुसतं मांडीवर घेऊन भागवलं नव्हतं. तिच्या लेकीचा, निएवेसचा, पाय अधू झाला तेव्हापासून पेत्रा उत्तरेला जायची थांबली होती. सोकोरो मोठ्या शाळेत गेली तसं पेत्रानं तिच्या आईबापाला ठणकावून सांगितलं, की तुम्ही खुशाल जा, पोरगी माझ्याकडं राहील. बाकीची पोरं नोव्हेंबरात येऊन मागच्या बाकावर पेंगायची. सोकोरो सप्टेंबरच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या बाकावर असायची. हे उपकार फिटणारे नव्हते, आणि फेडायचे तरी कशाला? असं ऋण माणसानं मिरवावं.

तर, शनिवारी संध्याकाळी चर्चच्या सभागृहात पुस्तकाचं वाचन ठरलं होतं. सकाळीच सोकोरोच्या आईचा, एल्विराबाईंचा, फोन आला. पेत्रा येत नाही म्हणते. नातीकडून अख्खं पुस्तक वाचून घेतलं, मिटलं आणि कपाटावर टाकलं. कारण विचारलं तर तोंड फिरवते.

कारण सोकोरोला ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

पुस्तकातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण मिशिगनच्या चेरीबागेतल्या एका खोपटाचं होतं. त्या खोपटांच्या फळ्यांना बोटबोट फटी. वारा अडवायला बायका पिठाची खळ करून भिंतींना वर्तमानपत्रं डकवायच्या, घरून भांडी गुंडाळून आणलेली, आपल्या स्पॅनिशमधली. आधीच्या कुटुंबाचे कागद कुणी फाडायचे नाहीत, आपले वरून लावायचे, हा रिवाज. सोकोरो आठ वर्षांची असताना त्यांना मिळालेल्या खोपटात एका भिंतीला, खाली जमिनीलगत, एक गोष्ट डकवलेली होती. उजाड डोंगरातल्या एका विधवेचं खेचर सुटून जातं आणि ती त्याच्यामागं तीन गावं चालत जाते. गंमत अशी, की ते सगळे कागद उलटे होते. सोकोरो खाटेवरून डोकं खाली सोडून अक्षर अक्षर लावत बसायची. वाचायला ती अशी शिकली. आणि पुस्तकात तिनं लिहिलं होतं: ‘ज्या कुणा अक्षरशत्रूनं ते डकवले, त्याला अक्षराचं डोकं कुठलं आणि पाय कुठले हेही कळत नव्हतं, देव त्याचं भलं करो.’ या वाक्याला लोक हमखास हसायचे.

आता पेत्राला अक्षर येत नव्हतं. सहीच्या जागी ती फुली काढायची. अर्पण करायचं तिला आणि आत थट्टा करायची तिच्यासारख्यांची! सोकोरोनं कपाळाला हात लावला आणि तशीच निघाली.

पेत्रा अंगणात बसून निवडुंगाच्या पानांचे काटे खरवडत होती. वय एक्याऐंशी, हात मात्र झरझर चालणारे. तिनं वर न बघता दुसरी सुरी पुढं सरकवली. सोकोरो बसली, पान हातात घेतलं आणि माफीची सगळी गाडी एका दमात मोकळी केली. ते वाक्य काढून टाकते, संध्याकाळी वाचणार नाही, पुढच्या छपाईत ठेवणार नाही, मी कोण शहाणी लागून गेले.

“झालं तुझं?” पेत्रा म्हणाली. “मला वाचता येत नाही हे गावाला माहीत आहे. मलाही माहीत आहे. त्यात रुसायचं काय?”

“मग?”

“ते कागद मी लावले होते.”

सोकोरोची सुरी थांबली.

पेत्रानं सांगितलं ते असं. सोकोरो त्या खोपटात राहिली त्याच्या आदल्या वर्षी, तिच्या घरचे विस्कॉन्सिनला काकडीवर गेले होते तेव्हा, तिथं पेत्रा होती. नऊ वर्षांची निएवेस चेरीच्या शिडीवरून पडली. कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, पाच आठवडे हलायचं नाही. एका अंगाला चूल, एका अंगाला दार, त्यामुळं पोरीचं डोकं भिंतीकडंच करावं लागलं. पहाटे सगळी बागेत गेली की ती दिवसभर एकटी. वाचायचं वेड, पण पुस्तक कुठलं आणायचं? म्हणून पेत्रानं तिच्या डोक्यामागच्या भिंतीवर गोष्टीचे कागद लावले. पोरगी मान मागं टाकून म्हणाली, आई, मला सगळं उलटं दिसतंय.

“मग मी ते ओले असतानाच सोडवले. अक्षर कळत नव्हतं, पण चित्रात खेचर होतं. त्याचे पाय वर केले आणि तिच्या शेजारी आडवी झाले. मान मागं टाकली. खेचर चारी पायांवर उभं दिसलं, तेव्हा पुन्हा खळ लावली.”

चाळीस वर्षं सोकोरो ज्या माणसाच्या अकलेला हसत आली होती, त्याच माणसाच्या घरात राहून ती शाळा शिकली होती. निएवेसनं आणि तिनं एकाच दिव्याखाली अभ्यास केला, पण उत्तरेतल्या उन्हाळ्यांबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत. आता निएवेसला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि विचारायचं ते राहूनच गेलं होतं.

“म्हणून रागावलात, मद्रीना?”

“नाही गं. मी रागावले शेवटासाठी. त्या भिंतीवरची मलमाची जाहिरात आठवली तुला, खेचराचा तुटका कान आठवला, आणि गोष्टीचा शेवट गाळलास? म्हणे शेवट नव्हताच. मी नातीला तीनदा वाचायला लावलं. म्हटलं, पान तर खात नाहीयेस? माझ्या निएवेसचा सगळ्यात आवडता भाग तो.”

आता शेवट खरोखरच नव्हता. विधवा नदीवर पोचते, पलीकडच्या काठावर खेचर उभं, आणि खाली छापलेलं ‘पुढील रविवारी’. तो पुढचा रविवार शोधायला सोकोरोनं छावणीतलं एकेक खोपटं पालथं घातलं होतं. नाही मिळाला, म्हणून ती रोज भावाला नवा शेवट रचून सांगायची. त्यातूनच आपण लेखिका झालो, असं तिनं पुस्तकात लिहिलंही होतं. ती सांगायला तोंड उघडणार होती. मग म्हणाली, “मी विसरले, मद्रीना. काय होता?”

पेत्राचे हात पहिल्यांदाच थांबले.

“मी टॉर्तिया थापायची आणि ती रोज वाचून दाखवायची. विधवा नदीत उतरत नाही. काठावर बसते आणि म्हणते, मी दिवसभर चालले, आता तू ये. अंधार पडायच्या आत खेचर आपणहून पोहत येतं. पाठीवर दोन्हीकडं बादल्या, चेरींनी भरलेल्या. ती गावाला टोपीभर टोपीभर वाटते, आणि सगळ्यात मोठी चेरी घरी लेकीसाठी ठेवते.”

त्या विधवेच्या उजाड डोंगरात चेरी कुणी स्वप्नातसुद्धा पाहिली नसेल. सोकोरो पानावरचे काटे बघत राहिली. डोळे भरून आले होते आणि ते पेत्राला दिसू द्यायचे नव्हते. दिवसभर एकटी पडलेली नऊ वर्षांची पोर, संध्याकाळी थकून येणारी आई, आणि रोज न चुकता तिच्यासाठी भिंतीवरून वाचलेला, भिंतीवर नसलेला शेवट. सोकोरोला वाटायचं त्या भिंतीनं एकच लेखिका घडवली. तिच्या आधी एक होऊन गेली होती, आणि तिला एक वाचक पुरला.

“हो, असाच होता,” ती म्हणाली. “चूक माझी. संध्याकाळी याल?”

“शेवट वाचणार असशील तर येईन.”

संध्याकाळी सोकोरोनं ते प्रकरण वाचलं. अक्षरशत्रूच्या जागी पेत्राचं नाव घेतलं, प्लास्टरमधल्या पोरीचं घेतलं, आणि आडवं होऊन खेचर तपासणाऱ्या आईपाशी सभागृह हसता हसता गप्प झालं. मग ती म्हणाली, भिंतीवर पुढं असं लिहिलं होतं, आणि शेवट सांगितला, बादल्यांसकट. पहिल्या रांगेत पेत्राचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. “बघ,” तिनं शेजारच्या एल्विराबाईंना कोपरानं ढोसलं, “होता की नाही?”

घरी जाताना एल्विराबाईंनी लेकीला गाठलं. “तू तर लहानपणी रडून सांगायचीस, शेवट नाही म्हणून. मीसुद्धा शोधला होता तुझ्याबरोबर.”

“होता, आई,” सोकोरो म्हणाली. “माझा वाचायचा राहिला होता.”