वत्सलाबाईंचं मत

नोव्हेंबरातला रविवार होता, दोन हजार नऊ सालचा. पंचवटीतल्या दीपकच्या फ्लॅटमध्ये सकाळी साडेनऊलाच टीव्ही लागला होता, आणि टीव्हीवर अमेरिका. तिकडे म्हणे अजून शनिवारची रात्र होती आणि त्यांची सगळी मेंबरं झोप सोडून दवाखान्यावरून भांडत बसली होती. वत्सलाबाईंना गंमत वाटली. एवढा मोठा देश, आणि भांडण शेवटी दवाखान्याचंच!

पण बघणं भाग होतं. मुलगी पल्लवी तिकडेच होती. जावयाची नोकरी उन्हाळ्यात गेली आणि नोकरीबरोबर दोघांचा विमाही गेला. तिकडे विम्याशिवाय दवाखाना परवडत नाही, आणि आजचं भांडण तो विमा सगळ्यांना मिळावा की नाही यावरच होतं. पल्लवीला आता सातवा महिना. "आई, दवाखाना खिडकीतून दिसतो, पण आत जायची सोय नाही," असं ती फोनवर म्हणाली, तेव्हापासून कोंडाजींचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. कोंडाजी म्हणजे वत्सलाबाईंचे यजमान. घरातसुद्धा टोपी घालून ते टीव्हीपुढे बसले होते.

"हात वर करताना कोणी दिसंना," वत्सलाबाई म्हणाल्या.

"बटण दाबतात, आई," दीपकने सांगितलं.

"बरंय. म्हंजे कोणाच्या टोपीकडं बघायला नको."

बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. कोंडाजींनी टीव्हीचा आवाज वाढवला. या विषयावर ते सोळा वर्षं गप्पच होते.

ब्याण्णव साली बायकांसाठी जागा राखीव झाल्या आणि चांदवडकडच्या गटातून वत्सलाबाई जिल्हा परिषदेवर निवडून आल्या. निवडून आल्या त्या, मेंबर मात्र झाले कोंडाजी. गावात, एस.टी.त, लग्नाच्या मांडवात, "या मेंबर, बसा मेंबर" ते कोंडाजींनाच. वत्सलाबाईंना त्याचं काही वाटत नसे. काय सुरेख दिवस होते ते! सभेला जायचं म्हणजे पहाटेची एस.टी., ठेवणीतलं इरकली लुगडं, आणि पंचवटीत उतरलं की भाजीबाजाराच्या तोंडाशी चहा. हॉटेलवाला "मेंबरला स्पेशल!" असं ओरडून कप कोंडाजींपुढे ठेवी. कोंडाजी त्यातला अर्धा बशीत ओतून बशी बायकोकडे सरकवत. नवऱ्याबरोबर असं हिंडणं लग्नानंतर पहिल्यांदाच नशिबी आलं होतं. त्या बशीतल्या चहाची चव वत्सलाबाईंना पुढे कुठेच मिळाली नाही.

सभेत नवऱ्यांना बसू देत नसत. कोंडाजी दारात उभे राहत. ठरावाला हात वर करायचा असला की ते टोपी सारखी करत, नसला की नुसते बघत राहत. वत्सलाबाईंचा हात कधी चुकला नाही.

मग आरोग्य केंद्राचा ठराव आला. केंद्र एकच, मागणारी गावं दोन. एक वत्सलाबाईंचं, आग्रा रोडला लागून. दुसरं सुरगाण्याकडच्या डोंगरातलं, भागीबाई नावाच्या मेंबरचं. भागीबाई विरोधी पक्षातली, पण दुपारच्या सुट्टीत दोघी एकमेकींच्या भाकरी खात. हिची बाजरीची, तिची नागलीची.

भागीबाई बोलायला उठली. "आमचे गावाला रस्ता नाय. बाई अडली का झोळीत घालून डोंगर उतरतो. निम्मे वाटंत झोळी जड झाली, का परत फिरतो."

मागून कुणीतरी हसलं. "झोळी जड कशी होते हो बाई?"

"मेलेलं माणूस जड लागतं," भागीबाई म्हणाली आणि खाली बसली.

आधी आग्रा रोडच्या गावासाठी हात मागितले. दारात कोंडाजींनी टोपी सारखी केली. वत्सलाबाईंनी हात मांडीखाली दाबून धरला. कोंडाजींनी टोपी पुन्हा सारखी केली, मग काढून झटकली आणि परत घातली. बिचाऱ्यांना वाटलं, बायकोला दिसलंच नाही! मग डोंगरातल्या गावासाठी हात मागितले, आणि वत्सलाबाईंचा हात वर गेला. ठराव त्या एका हाताने पास झाला.

"आपल्याकडं रोडला गाडी तरी मिळते," बाहेर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या.

परतीच्या एस.टी.त कोंडाजी वेगळ्या सीटवर बसले. चहा झाला नाही. गावाने "घरात आलेला दवाखाना घालवला" म्हणून तोंडात शेण घातलं, पुढच्या वेळी तिकीट मिळालं नाही, आणि कोंडाजींना कुणी मेंबर म्हणेना. ते भांडले असते तरी चाललं असतं. ते कांद्यावर बोलले, पोरांच्या लग्नांवर बोलले, पण त्या हातावर एक शब्द नाही. भला किंवा बुरा, पण त्या एका शब्दाची वाट बघत वत्सलाबाई म्हाताऱ्या झाल्या.

"झालं पास!" दीपक ओरडला. "दोनशे वीस विरुद्ध दोनशे पंधरा."

"मग पल्लीला आता जाता येईल?"

"लगेच नाही, आई. अजून दुसऱ्या सभागृहात जायचंय. पण गंमत बघा, विरोधी पक्षातला एकच जण फुटलाय. सगळा पक्ष एकीकडे आणि हा एकटा दुसरीकडे."

"पडला तो आता," वत्सलाबाई म्हणाल्या.

कोंडाजी पडद्याकडे बघत होते. "त्याच्या घरचे बोलतील का रे त्याच्याशी?" त्यांनी विचारलं.

"बोलतील की. न बोलायला काय झालं?"

"नाय बोलत," कोंडाजी म्हणाले. "लय वर्षं नाय बोलत."

वत्सलाबाईंना मान वर करवेना. दीपक आतून चहा घेऊन आला आणि सवयीने पहिला कप त्याने वडिलांपुढे धरला.

"मला मागून. आधी मेंबरला दे."

कोण आलं म्हणून दीपकने वळून दाराकडे बघितलं. कोंडाजींनी त्याच्या हातून कपबशी घेतली, अर्धा चहा बशीत ओतला, बशी स्वतःकडे ठेवली आणि कप बायकोपुढे सरकवला. वत्सलाबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती.

"घ्या मेंबर," ते म्हणाले, "गार होतोय."