किलवरची तिर्री

"पान टाकायचं तर मुकाट्यानं टाकावं माणसानं. बाजारात मेथी इकायला बसल्यावानी वरडतीस कशाला?" एसटीच्या पायऱ्या उतरता उतरताच दगडाबाईनं धाकट्या जावेला सुनावलं. "आज फायनल हाय. समद्या जिल्ह्याच्या बाया असतील. आज तरी जिभेला आवर घाल."

"सवय लागली, आक्का," शिवकन्या म्हणाली आणि तिनं खालून हात पुढे केला.

"पंचावन्नाव्या वर्षी सवय लागती व्हय? आन् हात कशाला देतीस, म्या काय पांगळी हाय?"

शिवकन्येनं हात मागे घेतला, पण दगडाबाईचे दोन्ही पाय धाराशिवच्या स्टँडच्या फरशीवर टेकेपर्यंत ती जागची हलली नाही.

पत्त्यांच्या मेंढीकोटात या दोघी जावा वीस वर्षं जोडीदार म्हणून समोरासमोर बसत आल्या होत्या. बायकांची जिल्ह्याची स्पर्धा निघाली तेव्हापासून सलग चार वर्षं पहिलं बक्षीस त्यांच्या तेर गावालाच आलं होतं, म्हणजे यांच्याच घरात. देवघरात बक्षिसाच्या चार पितळी समया रांगेनं उभ्या होत्या. पण या संक्रांतीपासून शिवकन्येला ही खोड जडली होती. स्वतःचं असो, परक्याचं असो, खाली पडलेलं प्रत्येक पान ती बोलून दाखवायची. "बदामराणी." "चौकट नव्वी." "इस्पिक एक्का गेला, आक्का." दगडाबाई तिला रोज झापायची. आणि रोज जिंकायची.

दिवाळीनंतर दगडाबाई गुडघा दाखवायला म्हणून एकटीच सोलापूरला जाऊन आली होती. गुडघ्याला काही झालं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, साखरेनं पडद्यावर रक्त उतरलंय, उजवा डोळा गेल्यातच धरा, डाव्याचं बघू. तो कागद तिनं ट्रंकेत लग्नातल्या शालूखाली दडपला आणि घरी सांगितलं, गुडघ्याला तेल लावायला सांगितलंय. दोन लेक, दोन सुना, पाच नातवंडं, कुणालाच पत्ता लागू दिला नाही. सासूचे डोळे गेले होते तेव्हा तिच्या कमरेच्या किल्ल्या दगडाबाईनंच स्वतःच्या हातानं सोडवून घेतल्या होत्या. "आता बसा निवांत," असं म्हणाली होती. सासू त्यानंतर सात वर्षं निवांत बसली. बसूनच गेली.

त्यात आज मंगळवार, देवीचा उपवास. उपाशी पोटी साखरेची गोळी घेतली की गरगरतं, म्हणून गोळीही तिनं घरीच ठेवली होती. मंगल कार्यालयात सतरंजीची कड हातानं चाचपून तिनं मांडी घातली.

विरुद्ध येडशी गावच्या सासू-सुना होत्या, भिमाबाई आणि निकिता. पंच म्हणून रिटायर झालेले रामलिंग गुरुजी खुर्ची टाकून बसले होते. पानं वाटून झाली, पहिला हात पडला आणि शिवकन्या बोललीच, "चौकट राजा."

"गुरुजी, ह्या काकू प्रत्येक पानाला बोलतात," निकिता शांतपणे म्हणाली. "ही खूण असू शकते."

गुरुजींनी चष्मा काढला. "बरोबर आहे. पान बोलायचं नाही. खेळ मुक्यानं खेळायचा."

"पण गुरुजी..." शिवकन्येचा चेहरा उतरला.

"लई बरं केलंत गुरुजी," दगडाबाई म्हणाली. "म्या दोन म्हैने हेच सांगायलेय तिला."

मग सगळं गप झालं, आणि त्या गपगारपणात दगडाबाईसमोरचा डाव हळूहळू विझत गेला. सतरंजीवर पानं पडत होती. तांबडी तांबडी दिसत होती, काळी काळी दिसत होती, त्यापुढे सगळा गाळ. इस्पिक कुठलं, किलवर कुठलं? घरी ती आपली पानं खिडकीशी नेऊन नाकाला लावून बघायची. इथं शंभर बायांपुढे पान नाकाला लावायचं? त्यापेक्षा डाव गेला तरी चालेल. इतके दिवस आपण हा खेळ कानांनी खेळत होतो, हे तिला तेव्हा कळलं. कळलं आणि शिवकन्येचा भयंकर राग आला.

तरी वीस वर्षांचा हात होता. पहिला डाव तेरनं घेतला. दुसरा येडशीनं घेतला.

तिसऱ्या, शेवटच्या डावात इस्पिक हुकूम होतं. दश्श्या ज्याच्या जास्त, त्याचा डाव; चारांतल्या दोन दश्श्या तेरकडे आल्या, एक येडशीकडे गेली. राहिली होती किलवरची. हात येडशीचे जास्त होते, बरोबरी झाली तर डाव त्यांचाच; म्हणून ती ज्याची, त्याची समई. भिमाबाईनं किलवरचा एक्का टाकला. शिवकन्येनं बारकं पान दिलं. निकितानं सासूच्या एक्क्यावर दश्शी ठेवली. आता पाळी दगडाबाईची. हातात चार पानं होती, चारही काळी. तिच्या हिशेबानं तिच्याकडचं किलवर कधीच संपलं होतं. तिनं इस्पिकची सत्ती दश्शीवर आपटली आणि हात ओढून घेतला.

मागे बाया टाळ्या वाजवू लागल्या. तिथंच ती थांबली असती तर निभावलं असतं. पण ती दगडाबाई होती. उरलेली तीन पानं तिनं ऐटीत सतरंजीवर उताणी टाकली.

"घ्या बघून. समदे हुकूम हायेत."

शिवकन्येनं डोळे मिटले.

दोन इस्पिकं होती. मधलं पान किलवरची तिर्री होतं.

"गुरुजी, हे किलवर आहे," निकिता म्हणाली.

गुरुजींनी वाकून पान उचललं. "दगडाबाई, किलवर हातात असताना हुकूम मारलात?"

टाळ्या थांबल्या. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "रंग चोरला." हातातला रंग लपवून कापणाऱ्याला पत्त्यात हेच म्हणतात. दगडाबाईच्या घराण्याला चोर हा शब्द आजवर कुणी लावला नव्हता.

शिवकन्या अर्धवट उठली. "गुरुजी, चोरी न्हाय ती. आक्काला दि..."

"गप."

एवढ्या जोरात की बाहेरचा वाढपी आत डोकावला. दगडाबाईनं पदर सारखा केला आणि गुरुजींच्या आवाजाच्या दिशेनं मान ताठ धरली.

"म्या चोरला रंग. जाणून चोरला. द्या त्यांना समई."

कुणी हसलं नाही. उठताना भिमाबाईनं दगडाबाईच्या चपला शोधून तिच्या पायांशी सरळ करून ठेवल्या. त्याहून वाईट त्या दिवशी दुसरं काही झालं नाही.

स्टँडकडे जाताना शिवकन्या अर्धं पाऊल पुढे चालत होती. हल्ली ती अशीच चालायची, खड्डा आला की जरा थबकायची. आज दगडाबाईच्या ते ध्यानात आलं. बाकड्यावर टेकल्यावर शिवकन्येनं राजगिऱ्याचा लाडू तिच्या हातात दिला. तिनं तो मुकाट्यानं खाल्ला.

"कधीपासनं ठाऊक हाय तुला?"

"संक्रांतीच्या तिळापासनं. तुमी निवडून दिलेल्या तिळात खडे तसेच व्हते. म्या परत निवडले."

"घरात कुणाला बोललीस?"

"न्हाय."

दगडाबाईचा हात कमरेच्या किल्ल्यांवर गेला.

"त्या तुमच्याच हायेत की," शिवकन्या म्हणाली.

धूळ उडवत एक गाडी फलाटाला लागली. दगडाबाई उठली, चार पावलं पुढे गेली आणि मान वर करून पाटीकडे बघत राहिली. पाटीवर नुसता पांढरा फराटा होता. बाया-माणसं तिला ढकलून चढत होती. दिवसभरात दोनदा जिचं तोंड बंद केलं होतं, ती शिवकन्या आता बाजूला ओठ मिटून उभी होती. कंडक्टर दारातून "चला, चला" करू लागला.

"शिवकन्ये, तुझं लई चुकतंय," दगडाबाई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता, फक्त ती शिवकन्येच्या जरा डावीकडे बघून बोलत होती. "नगं तिथं तोंड उघडतीस आन् बोलायचं तिथं गप बसतीस. वाच ती पाटी. मोठ्यानं वाच."