उलटं बसलेलं धुराडं

अगं, आधी नुसतं ऐक, मधे बोलू नकोस. ती खटपटी आहे ना, सायकलच्या दुकानात काम करते ती. घरात काही मोडलं की हिचे हात शिवशिवायला लागतात, म्हणून हे नाव पडलं. तर तिच्या घरी काय झालं सांगते.

त्यांच्या घरामागे, बाहेर उघड्यावर, एक भट्टी आहे. लाकडं घालायची, पाणी तापतं, तेच पाणी नळ्यांतून घरभर फिरतं आणि घर उबदार राहतं. थंडी अशी पडलेली की बाहेरच्या बादलीत बर्फाचा पापुद्रा. आणि नेमकी त्याच दिवशी दुपारी हिची ताई बाळाला घेऊन हॉस्पिटलमधून घरी येणार. मागची खोली आवरून, पाळणा लावून सगळं तयार. सकाळी खटपटी त्या खोलीत शिरली तर नाकातोंडात धूर. धावत मागे गेली. भट्टीचं धुराडं रात्रीच्या वाऱ्यानं सांध्यात तुटून आडवं लोळतंय आणि धूर सरळ खिडकीच्या फटीतून पाळण्याकडे.

तिनं खिडकी बंद केली, पुढची दारं उघडली, भट्टीत हवा जाते ते झाकण लावलं. तोवर बाबा आले. बाबा म्हणजे छपरं घालणारे. त्यांचं एकही छप्पर कधी गळलं नाही, आणि हे ते दिवसातून एकदा तरी ऐकवतातच.

"पन्हळीचा पाइप पडलाय मागे," बाबा म्हणाले. "तो चढवतो. चहा होईस्तोवर झालं."

"तो पावसाच्या पाण्याचा आहे, बाबा. आगीपुढे टिकायचा नाही. आणि भट्टी अजून तापलेली आहे."

"मग काय बाळाला गारठवायचं?"

"गारठवायचं नाही आणि धुरीही द्यायची नाही. गुडघा काय म्हणतोय तुमचा?"

"गुडघ्याला काय कळतंय."

"शिडीला कळतं. तुम्ही खाली धरा, चढते मी."

निखारे तिनं पत्र्याच्या डब्यात काढले, झाकण घट्ट लावलं आणि डबा भिंतीपासून लांब, मोकळ्या फरशीवर ठेवला. हार्डवेअरच्या दुकानातून जाड पत्र्याचा, भट्टीसाठीच मिळतो तो पाइप आणला. परत आली तोवर भट्टी गार पडली होती, तरी हात जवळ नेऊन खात्री केलीच. मग हातमोजे, मास्क, चष्मा. बाबा म्हणाले, "लग्नाला सुद्धा एवढी नटणार नाहीस तू."

आता खरी गंमत ऐक. जुने तुकडे काढताना तिला दिसलं, प्रत्येक सांध्याखाली बाहेरच्या बाजूनं काळे, चिकट ओघळ. धूर आत गार होऊन पाझरलेलं डांबरच जणू. आणि तिथेच पत्रा कुरतडल्यासारखा झालेला. म्हणजे वारा बिचारा निमित्त होता. धुराडं आतून आधीच गेलेलं होतं.

ते बसवलं कुणी होतं? बाबांनी.

बाबा तर खालून सांगतायत, "वरचा तुकडा खालच्यावर टोपीसारखा बसव हं. पाणी बाहेरून निघून जातं." जन्मभर पत्र्यावर पत्रा तसाच चढवला ना त्यांनी. तिला कळत होतं, तसंच बसवलं तर पुन्हा गळणार, पुन्हा सडणार, आणि पुढच्या वेळी पाळण्यात बाळ असणार. पण बाबांना तोंडावर सांगायचं कसं, की तुमचं काम गळलं?

ती खाली उतरली. म्हणाली, "बाबा, छप्पर झाल्यावर तुम्ही पाणी ओतून बघता ना? आपणही बघू."

"हे काय छप्पर आहे?" पण पाणी ओतायचं म्हटल्यावर बाबांना राहवतंय होय. तुकड्यावर तुकडा त्यांच्या पद्धतीनं उभा केला आणि तिनं आतून तांब्याभर पाणी सोडलं. सांध्यातून पाणी झिरपून थेट बाबांच्या चपलेवर.

बाबांनी चपलेकडे बघितलं. मग त्यांनी दोन्ही तुकडे उलटे केले. वरच्याचं निमुळतं टोक खालच्याच्या आत. तांब्या मागितला, स्वतः ओतला. एक थेंब बाहेर नाही.

"छपराला पाणी बाहेरून," ते हळूच म्हणाले. "याला आतून."

"हो."

"आणि पाऊस?"

"चार थेंब आत गेले तर आगीत उडून जातील. ती ओली काजळी बाहेर आली की पत्रा खाते."

मग काय, भराभर काम. प्रत्येक सांध्याला स्क्रू, वर टोपी, वाऱ्यानं हलू नये म्हणून तारांचे ताण, आणि धुराडं आधीपेक्षा उंच, खिडकीच्या पार वर. बाबांनी शिडी अशी धरली होती की शिडीलाच घाम फुटावा. आधी थोडा कागद जाळून बघितला. धूर सुतासारखा सरळ वर. पाळण्याजवळच्या भिंतीवर ती विषारी वायूची सूचना देणारी डबी असते ना, तिचं बटण दाबून ती चालू असल्याची खात्री केली, मगच लाकडं घातली.

ताई आली तेव्हा खोली छान उबदार होती. बाळ पाळण्यात ठेवताच झोपलं. खटपटी भिंतीला टेकून खालीच बसली. एवढ्यात बाबा दारात. शिडी खांद्यावर.

"चल. शेजारच्या काकांचं धुराडंही मीच बसवलंय."

म्हणजे बघ, बाबांना कुणी सांगावं लागलं नाही. पण ते काका म्हणजे चालतं-बोलतं वर्तमानपत्र. त्यांनी विचारलं, "का हो, काय झालं?" तर बाबा तोंड सरळ ठेवून म्हणतात कसे, "काही नाही. काही वर्षांनी धुराडं उलटं करून घ्यावं लागतं." काका वळले हिच्याकडे. "खरंच का गं?"

बाबा शिडीकडे बघतायत. कान लाल झालेले.

ती म्हणाली, "हो काका, तुमचं उलटं करायलाच हवं. आजच. आणि तोवर भट्टी पेटवू नका."

यात खोटं काहीच नाही ना? मला तरी अजून ठरवता येत नाही. तू असतीस तर काय सांगितलं असतंस?