लाइट गेल्यावरची खोली

"बंद केलेल्या पेटीला जास्त भ्यायचं, वहिनी," असं मुकुंदराव चहा पिता पिता म्हणाले होते आणि वृंदाने ते हसण्यावारी नेलं होतं. बी.ए.ला तर्कशास्त्र होतं तिला. बंद म्हणजे बंद, त्यात आणखी काय भ्यायचं?

मुकुंदराव इथे कलकत्त्यात, भवानीपुरातच जन्मलेले, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे आणि जुने हौशी रेडिओवाले. त्यांच्याच नादाने तिचा नवरा चारुदत्त, बदली होऊन कलकत्त्याला आल्यावर, घरच्या घरी ट्रान्समीटर बांधायला लागला होता. बँकेतून सुटला की एस्प्लनेडच्या बाजूला लष्करी भंगार धुंडाळायचा आणि काचेचे व्हॉल्व्ह रुमालात गुंडाळून, अंडी आणावीत तसे घरी आणायचा. सरकारी परवाना आला होता. मागच्या खोलीतल्या टेबलावर ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर सगळा पसारा उघडाच मांडलेला.

"याला झाकण कधी करणार?"

"आधी त्याला बोलू तर दे."

"त्याच्या आधी लीना बोलायला लागेल."

लीना नुकती चालू लागली होती. हाताला लागेल ते भिरकावायचं, हा तिचा नवा उद्योग. वृंदा दिवसभर तिच्या बोटांवर डोळा ठेवून असायची. ती ट्रान्समीटरची पेटी चालू असली की मागच्या खोलीला बाहेरून कडी. लाइट गेली की मात्र ती स्वतःच कडी काढायची. पंखा थांबल्यावर वारा येणारी तीच एक खोली होती, आणि सगळ्या गल्लीतच वीज नाही तर त्या पेटीत कुठून येणार?

त्या संध्याकाळी चारुदत्त जुळवाजुळव करत असतानाच लाइट गेली. "झालं, लोडशेडिंग," म्हणत तो शेजारच्यांशी गप्पा मारायला गॅलरीत गेला. वृंदाने कंदील आणला, त्याच मागच्या खोलीत चटई टाकली आणि लीनाला वरणभात भरवायला बसली. वाटीतला चमचा लीनाने हिसकावला आणि भिरकावला. तो थेट टेबलावर, त्या पसाऱ्यात पडला.

फाडकन आवाज झाला. निळा लोळ उठला आणि विझला.

वृंदाने लेकीला इतकं आवळलं की ती रडायला लागली. चारुदत्त धावत आला. चमच्याचं टोक काळं पडलं होतं, उंदराने कुरतडल्यासारखं.

"वीज साठवणारा कंडेन्सर भरलेलाच राहतो गं," तो हळूच म्हणाला. "वीज गेली तरी. साठलेला करंट निचरून टाकायला एक रेझिस्टर लावायचा असतो. तो लावायचा राहिला होता."

"राहिला होता?"

"मला वाटलं, हे तात्पुरतंच आहे."

"लीनापण तात्पुरतीच आहे का?"



त्या दिवसापासून वृंदाचा नियम ठरला: लाइट असो नसो, मूल कडेवर असताना त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आणि चारुदत्तचाही ठरला, की झाकण केल्याशिवाय बटण दाबायचं नाही. पण आज झाकण करायच्या, तो रेझिस्टर लावायच्याही आधी त्याला "फक्त एकदा" बघायचं होतं, आणि बघता बघताच पुन्हा लाइट गेली.

"अहो," वृंदा दारातून म्हणाली.

हेडफोन असेल कानाला. पण वीजच नाही, तर हेडफोनमध्ये ऐकणार काय? आतल्या मेणबत्तीच्या उजेडात त्याची पाठ तेवढी दिसतेय, टेबलावर वाकलेली. मघाशी खुर्ची सरकल्यासारखं झालं, की आणखी काही, ते तिला नक्की कळलं नाही.

"अहो, ओ तरी द्या."

लीना कडेवर चुळबुळते आहे. खाली ठेवावी तर ती आधी आत पळेल. शेजारच्यांचं दार आज बंद आहे. हे वाचताय ना, तुमचे तरी हात मोकळे आहेत. दोन पावलं आत जाऊन, टेबलाला कुठेही हात न लावता, तो हलतोय का तेवढं बघा ना.