पान चार

ऑफिसात त्याला पाठीमागे ‘पान चार’ म्हणत, आणि नाव अगदी चपखल होतं. आभासी मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा नकली संगणक, बंद असतानाही तिची डिस्क बाहेरून उघडून आतल्या फायली वाचता याव्यात, यासाठी एक लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपापल्या प्रोग्राममध्ये जोडायचा तयार कोड, त्याने आठ वर्षांपूर्वी एकट्याने लिहिली होती. ती चालू करायला दोन आज्ञा द्याव्या लागत. एक, ‘सुरू हो’. दुसरी, ‘तयार होईपर्यंत थांब’. दुसरी विसरणारे ढिगाने होते, आणि त्या सगळ्यांना याचं एकच उत्तर जाई: पुस्तिकेचं पान चार वाचा. आपण लिहिलं म्हणजे जगाने वाचलं, अशी या गृहस्थाची गोड समजूत.

खरी गोम वेगळीच होती. दुसरी आज्ञा राहिली तर लायब्ररी साधी तक्रारही करत नसे. डिस्क अजून उघडलेलीच नसताना ती शहाजोगपणे सांगे, आत काही नाही.

विसरणाऱ्यांत त्याची धाकटी बहीणही निघाली. ती नकाशांच्या एका कचेरीत प्रोग्रामर होती. रिकाम्या डिस्क शोधून पुसायच्या, एवढंच तिच्या प्रोग्रामचं काम. तिच्या टेबलावरचं मशीन चपळ, डिस्क क्षणात उघडे; तिथे दुसऱ्या आज्ञेवाचून काही अडलं नाही. कचेरीचं मुख्य मशीन मात्र जुनं, रडतखडत चालणारं. तिथे अकरा भरलेल्या डिस्क रिकाम्या ठरल्या आणि पुसल्या गेल्या. चौकशी बसली. कचेरीने त्याला विचारलं, दोष लायब्ररीचा का? सख्ख्या बहिणीच्या पोटावर पाय येतोय हे ठाऊक असूनही त्याने एका ओळीत उत्तर धाडलं: सूचना पान चारवर आहे. तिला घरी बसवलं.

याला पाच वर्षं झाली. परवा ऑफिसात नव्याने आलेल्या साहेबीणबाईंनी सहज विचारलं, “या दोन आज्ञांच्या मध्ये कोणी काही करतं का?”

“करू शकतात,” तो म्हणाला.

“करतं का?”

त्याने हाताशी असलेले तीनशेच्या वर प्रोग्राम धुंडाळले. मध्ये कोणीही काहीही करत नव्हतं. मग त्याने थांबण्याचं काम पहिल्या आज्ञेतच घातलं. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून दुसरी आज्ञा नावापुरती ठेवली. दिली तरी ती आता काही करत नाही. पान चार स्वतःच्या हाताने पुसलं. सगळं मिळून वीस मिनिटं लागली.

मग त्याला शरम वाटली. ते प्रकरण घडण्याआधी जेवताना धाकटी म्हणाली होती, “दादा, दोन्ही एकच करून टाक ना. माणूस विसरतो.” तेव्हा तो हसून म्हणाला होता, “विसरणाऱ्यांनी प्रोग्राम लिहू नयेत.” हे वाक्य तो स्वतः मात्र एक दिवसही विसरला नव्हता.

संध्याकाळी तो तिच्याकडे गेला. ती आता एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. त्याने सगळं सांगितलं.

“किती वेळ लागला?” तिने विचारलं.

“वीस मिनिटं.”

ती हसली. ते हसणं त्याला मुळीच आवडलं नाही.

“आलाच आहेस तर एक काम कर,” ती म्हणाली. “एका ठिकाणी नोकरीचं जमत आलंय. त्या अकरा डिस्कपाशी गाडी अडली आहे. दोष लायब्ररीचा होता, एवढं लिहून दे. तुझ्या सहीने.”

“आत्ता देतो!” त्याने काउंटरवरचं पेन उचललं, पॅडवर लिहिलं, झोकात सही केली. तिने वाचलं: ‘पुस्तिकेच्या चौथ्या पानावर सूचना स्पष्ट दिलेली होती. तरीही मूळ रचनेत दोष होता आणि तो माझा होता.’

“झालं ना?”

“दादा, पहिलं वाक्य वाचूनच ते कागद बाजूला ठेवतील. दुसऱ्यापर्यंत थांबतंय कोण?”

“पण पहिलं खोटं नाहीये.”

“नाहीये. तेवढं खोड.”

त्याने पेन टेकवलं. आठ वर्षं जपलेलं पान पुसताना त्याने क्षणभरही विचार केला नव्हता. इथे एक ओळ खोडायची होती, बहिणीला नोकरी मिळणार होती, आणि हात पुढे सरकेना. आपण बरोबर होतो, हे एवढं तरी कुठेतरी राहायला हवं, असं त्याला फार वाटत होतं.

“पान होतं गं,” तो म्हणाला.

 तिने पॅडवरून तो कागद फाडून त्याच्या पुढ्यात सरकवला.

“राहू दे. त्यांना सांगते, ज्याने लायब्ररी लिहिली त्याने ती सुधारली, पण चूक अजून माझीच आहे.”

दारात गिऱ्हाईक येऊन उभं होतं. धाकटीने त्याच्या बोटांतलं पेन काढून घेतलं. ते दुकानाचं होतं.