आईला चालत नाही

जानेवारीत प्रतापच्या साहेबांनी त्याला विचारलं, जुलैत नॉर्वेला सामन पकडायला येतोस का, आणि त्या दिवसापासून मालिनीच्या घरात नदीशिवाय दुसरा विषय उरला नाही. सामन म्हणजे जर्मनीतला लाक्स. उन्हाळ्यात तो समुद्रातून नदीत चढतो, तेव्हा त्याला गळाला लावायचं, तेसुद्धा गांडूळ वगैरे न लावता, पिसांची खोटी माशी पाण्यावर नाचवून. ब्रांडलसाहेब दरवर्षी चार मित्रांना घेऊन जायचे. यंदा त्यांच्यातला एक जण येणार नव्हता, म्हणून त्यांनी प्रतापला विचारलं. ऑफिसातली विभागप्रमुखाची जागाही यंदाच रिकामी होणार होती. या दोन रिकाम्या जागांचा संबंध लावायला प्रतापला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

मग काय, तयारी सुरू झाली. लॅपटॉपवर एक्सेलची शीट तयार झाली. काठी किती फुटी, दोरी कुठली, छातीपर्यंत येणारे रबरी कपडे कुठे स्वस्त, नॉर्वेत शिरताना सगळं सामान जंतुनाशकातून बुडवून काढल्याचा कागद कुठे मिळतो, सगळं रकान्यांत. परवान्याची परीक्षा दिल्याशिवाय गळ हातात धरणारा माणूस साहेबांना चालत नव्हता, म्हणून दर शनिवारी त्या परीक्षेचा, फिशरप्रुफुंगचा, क्लास. रविवारी रेग्निट्झ नदीच्या काठच्या कुरणात, गोठलेल्या गवतात उभं राहून, गळाच्या जागी लोकरीचा गोंडा बांधून हवेत दोरी फेकायचा सराव. कुत्री फिरवायला आलेली माणसं थांबून बघायची. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात तो प्रकार. मासा अजून उत्तर समुद्रात होता आणि हा त्याच्याबरोबर फोटो काढताना कुठली टोपी घालावी ते मालिनीला विचारत होता.

मालिनी ऐकून घ्यायची आणि गप्प बसायची. पण आतून तिचा नुसता संताप व्हायचा, आणि तो व्हायलाच हवा होता.

ती रेवदंड्याची. आठ वर्षांची असल्यापासून विळीवर बसून मासे साफ केलेले. माहेरी मासळीशिवायचं जेवण म्हणजे कुणीतरी आजारी आहे असं समजायचे. लग्न होऊन ती जर्मनीत, एर्लांगेनला आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं न्यूरेंबर्गच्या एशियन दुकानातून बर्फातली सुरमई आणली होती. प्रतापनं पिशवी बघितली आणि चेहरा पाडून म्हणाला, "मालिनी, प्लीज. घरात नको. आईला चालत नाही."

आई पुण्यात. आणि चालत नाही एर्लांगेनच्या तिसऱ्या मजल्यावर.

पण नवी नवरी, नवा देश. तिनं ती सुरमई तशीच्या तशी शेजारच्या बाईला देऊन टाकली. नंतर एकदा बांगड्याचं निघालं, एकदा नुसत्या सुक्या बोंबलाच्या चटणीचं. दर वेळी तेच उत्तर, त्याच मवाळ आवाजात. माझं काही नाही गं, पण आईला चालत नाही. मी घरातून निघताना तिनं माझ्याकडून शब्द घेतलाय. अन्वी झाली, शाळेत जायला लागली, तिथे फिशश्टेब्शन, म्हणजे माशाच्या तळलेल्या कांड्या, खाऊन यायला लागली, ते चाललं. शाळेचं वेगळं, घरातलं वेगळं.

अकरा वर्षं मालिनी दर पंधरा दिवसांनी बसनं ब्युशनबाखला शुभाकडे जायची. शुभा तिची इथली एकुलती एक जिवाची मैत्रीण. तिच्या गॅसवर मासे तळायचे, तिच्याच टेबलावर खायचे, तिच्याच न्हाणीघरात केस धुवायचे आणि मग घरी यायचं. प्रयोगशाळेत दिवसभर काम करून कमावणारी, दोन भाषांत भांडू शकणारी बाई स्वतःच्या घरात चोरासारखी वास हुंगत शिरायची, की बाई, अंगाला येत तर नाही ना.

आणि राग कुणाचा? तर सासूबाईंचा. त्यांचं नाव काढलं की मालिनीच्या कपाळावर आठी पडायची. दर शनिवारी प्रताप पुण्याला फोन लावायचा आणि शेवटी रिसीव्हर तिच्या हातात द्यायचा. ती "बरी आहे, तुमची तब्येत कशी, ठेवते" एवढं बोलून परत द्यायची. स्वतः होऊन फोन तिनं कधी केला नाही. चार वर्षांपूर्वी सासूबाई तीन आठवडे राहून गेल्या, तेव्हाही तिनं जेवढ्यास तेवढंच बोलणं ठेवलं. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या सुट्टीत ती पुण्याला दोन दिवस टेकली आणि उरलेली सुट्टी रेवदंड्याला काढून आली. हजारो मैलांवरून माझ्या ताटात हात घालणारी बाई, तिची सेवा मी का करू, असं ती शुभाला म्हणाली होती.

आणि आता हाच प्रताप मासा पकडायला निघाला होता.

"अरे, तुझ्या आईंना हे चालणार आहे?" तिनं जानेवारीतच विचारलं होतं.

"आल्झो, हे बघ, त्यात हिंसा नाहीये," प्रतापनं समजावलं. "पकडायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. खायचा प्रश्नच नाही."

म्हणजे खाण्यासाठी मारला तर पाप, आणि मजेसाठी तोंडात आकडा घालून अर्धा तास ओढला तर पुण्य! मालिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या वडिलांनी ताटातला काटा चोखल्याशिवाय टाकला नव्हता कधी. माशाशी असला खेळ केलेला त्यांच्या दारच्या मांजरालाही आवडला नसता.

क्लासच्या मास्तरांचंही मत हेच निघालं. तिसऱ्या शनिवारी प्रताप घरी आला तो फणफणतच. मास्तरांनी भर वर्गात सांगितलं होतं, की नुसता सोडून देण्यासाठी मासा पकडणं म्हणजे प्राण्याचा छळ, इथल्या कायद्यात ते बसत नाही. खायचा असेल तरच गळ टाका. पकडलात की डोक्यात दांडका घाला, मग सुरीनं हृदय, मग पोट साफ. परीक्षेत येणार आहे.

"काय रानटी लोक आहेत!" प्रताप म्हणाला. "नॉर्वेत सोडायला परवानगी असते म्हणे. मी ब्रांडलना विचारतो."

त्यानं विचारलं. साहेबांनी हसून सांगितलं, की नदीकाठच्या झोपडीचा नियम साधा आहे. ज्यानं पकडला त्यानं मारायचा, त्यानंच साफ करायचा आणि पहिल्या दिवशीचा मासा सगळ्यांनी एका टेबलावर खायचा. प्रतापनं तिथे मान डोलावली. "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणाला असणार, दुसरं काय म्हणणार? घरी येऊन रानटी लोकांबद्दल पुन्हा एक अक्षर काढलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी अन्वी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. मालिनी कणीक मळत होती. दार उघडलं आणि प्रताप थेट स्वयंपाकघरात आला, जॅकेटही न काढता. त्यानं ओट्यावर, कणकेच्या परातीला लागून, एक पांढरी पिशवी ठेवली. पिशवीतून थंड पाणी ठिबकत होतं.

"फोरेले आहे, ट्राउट," तो हळूच म्हणाला. "आज सकाळचीच. मास्तरांनी प्रत्येकाला एकेक दिली, घरी साफ करून या म्हणाले. मला जमेना गं. तू दाखवशील? तुला येतं ना. आणि मग थोडी... म्हणजे मीठ लावून भाज. एक घास खाऊन बघतो. तिकडे एकदम तोंडात घातला आणि उलटी झाली तर साहेबांसमोर शोभा व्हायची."

मालिनीनं पिशवीत डोकावून बघितलं. ताजा मासा होता. डोळे चकचकीत, कल्ले लाल. तिनं हाताला लागलेली कणीक सावकाश काढली.

"घरात?" तिनं विचारलं.

"हो, मग कुठे?"

"ह्या ओट्यावर? ह्या सुरीनं?"

"मालिनी, माझं प्रमोशन आहे त्यात. तुला कळत नाहीये."

"मला सगळं कळतंय!" मालिनीचा आवाज चढला. "अकरा वर्षं मी ह्या घरात एक मांदेली तळली नाही. गरोदर होते, आठव्या महिन्यात, नुसत्या बांगड्याच्या वासासाठी जीव कासावीस व्हायचा, तेव्हा बसनं शुभाकडे गेले. तुझ्या आईला चालत नाही म्हणून. आणि आज तुझ्या साहेबाला चालतं म्हणून मासा ओट्यावर? साहेबासाठी तू खाणारही आहेस! बायकोसाठी कढईसुद्धा बाटत होती."

"आईला कशाला मध्ये आणतेस?"

"मी आणते? मी? अकरा वर्षं तूच आणलीस. बरं, आज मी आणते. मला काही चोरून करायचं नाही. त्यांना सांगते आणि करते. काय बोलायचं ते मला बोलू देत."

तिनं हात धुतले आणि फोनपाशी गेली. पुण्याचा नंबर तिला पाठ नव्हता. कॅलेंडरच्या मागे प्रतापच्या अक्षरात लिहिलेला होता, तो बघत बघत तिनं फिरवला. प्रताप "अगं थांब, अगं आत्ता नको, तिकडे त्यांची चहाची वेळ असते," म्हणत मागे आला. तिनं स्पीकरचं बटण दाबलं.

"हॅलो आई, मी मालिनी."

पलीकडून सासूबाईंचा घाबरलेला आवाज आला. "मालिनी? तू? काय झालं गं? प्रताप बरा आहे ना? अन्वी?"

सून फोन करते म्हणजे कुणाचं तरी बरंवाईट झालं असणार, असंच त्यांना वाटलं. मालिनीला ते लागलं, पण रागाच्या भरात ती पुढे बोलत राहिली. "सगळे बरे आहेत. आई, आज घरात मासा आणलाय. मी तो करणार आहे आणि खाणार आहे. तुम्हाला चालत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून सांगून करतेय."

"मला चालत नाही म्हणजे? मी खात नाही. पण तुझ्या घरात मला काय चालायचंय, बाई?" सासूबाई म्हणाल्या. "तू तर सोडलेस ना मासे?"

"मी?"

"प्रतापच म्हणाला. तुम्ही निघालात तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, तिच्या माहेरी रोज लागतं, तिकडे कुठे मिळतं ते बघून ठेव, पोरीचे हाल व्हायचे. महिन्याभरानं फोनवर म्हणाला, तिनं आपणहून सोडलं. मला वाईट वाटलं होतं हो. तुझ्या आईला काय वाटेल, सासरी जाऊन पोरीनं खाणं टाकलं म्हणून. तुला विचारणार होते, पण तू कधी फारशी बोलली नाहीस. मी आले होते तेव्हाही... म्हटलं, नसेल आवडत माझ्याशी बोलायला. ऐकतेस ना?"

"ऐकतेय," मालिनी म्हणाली. "शब्द वगैरे घेतला नव्हतात तुम्ही त्याच्याकडून?"

"कसला शब्द?"

मालिनीनं प्रतापकडे बघितलं. तो दारातल्या पायपुसण्याकडे बघत होता.

"काही नाही, आई. मी उद्या फोन करते. मीच करते," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मग प्रताप म्हणाला, "मला वास सहन होत नाही गं. पहिल्यापासून. तसं सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, की कर सवय. भांडण झालं असतं. आईचं नाव घेतलं की तू गप्प बसायचीस."

"झालं असतं भांडण," मालिनी म्हणाली. "एकदा झालं असतं आणि मिटलं असतं. तू म्हातारीच्या खांद्यावर बंदूक ठेवलीस, प्रताप. तिला सांगितलंस मी सोडलं, मला सांगितलंस तिला चालत नाही. आणि दोन्हीकडे स्वतः गुणी मुलगा!"

ती ओट्याशी गेली. पिशवीतून मासा काढला, मीठ चोळून बुळबुळीतपणा घालवला, पोट चिरलं, कल्ले उपटले, नळाखाली धुतला. तिला हे करायला पाच मिनिटं लागली. हळद, तिखट, लिंबू, वरून तांदळाचं पीठ. तवा तापला तसा प्रताप खिडकी उघडायला धावला.

"बंद कर ती," मालिनी म्हणाली. त्यानं बंद केली.

अख्खा मासा तिनं एकटीनं खाल्ला, जेवणाच्या टेबलावर, आपल्या रोजच्या खुर्चीत बसून. प्रताप समोर उभा होता. एक घास त्यानं मागितला नाही आणि तिनं दिला नाही. अर्ध्यावर आल्यावर त्याला वाटलं असावं, की वादळ निवळलं. मोठं मन केल्यासारखा तो म्हणाला, "आता घरात करत जा तू. माझी काही हरकत नाही."

"तुझी हरकत आहे का, हे मी विचारलं नव्हतं." तिनं काटा बाजूला काढून ठेवला. "आणि जुलैतली माझी रजा मी पुण्याला काढणार आहे. आईंकडे. पूर्ण चार आठवडे. अन्वीला घेऊन."

"जुलैत?" प्रताप दचकला. "पण मी ब्रांडलना सांगितलंय की तूही येतेस. बायका आलेल्या चालतात. म्हटलं, माझी बायको कोकणातली आहे, नियम काहीही असो, सगळ्यांचे मासे साफ करून देईल. आता तिकडे साफ कोण करणार?"

मालिनीनं ताट बाजूला सारलं. एवढं सगळं ऐकून, एवढं सगळं बाहेर पडूनही ह्या माणसाला प्रश्न पडला तो हा.

"खोटं तू बोललास," ती म्हणाली. "पण अकरा वर्षं त्या बाईकडे पाठ फिरवून बसले ती मी. ऑपरेशन झालं तेव्हा त्या कुणाच्या हातचं पाणी प्यायल्या हेसुद्धा मला माहीत नाही. मी त्यांची माफी मागायला चालले आहे, प्रताप, आणि तू मला मासा कोण साफ करणार ते विचारतोस?"